ॲक्रनच्या भाच्यास, गांडुळांविषयी

प्रिय अद्वैत,



तुझा फोटो मिळाला. वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेली आमिषाची रबरी गांडुळं, कुणाचं डोकं चिरलेलं, कुणाची शेपटी गायब, आणि खाली तुझा प्रश्न: मावशी, टिकाऊ कुठली मिळतात? एका बास माशाला एक गांडूळ परवडत नाही. विद्यावेतनावर जगणाऱ्या माणसाला ते परवडू नयेच. फोनवर उत्तर दिलं असतं, पण तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं यूट्यूबवर शोधतोस. तिथे प्रत्येक जण काहीतरी विकायला बसलेला असतो. म्हणून सगळं लिहून काढते आहे, आणि हे पत्र छापायलाही देणार आहे. डॅलसपासून न्यू जर्सीपर्यंत आपली कितीतरी मंडळी आता शनिवार-रविवारी रॉड घेऊन तळ्यावर दिसतात आणि फाटक्या गांडुळांवरून सगळ्यांची हीच कुरकुर चालू असते.

आधी फोटोबद्दल. त्यातली बहुतेक गांडुळं डोक्याकडे उभी चिरलेली आहेत. बासने तिथे चावा घेतलेला नाही. गळाचं नेढं आतून ओढलं जाऊन जी चीर पडते, ती ही. म्हणजे तुझी गांडुळं माशाने कमी आणि तू जास्त फाडली आहेस. दोन-तीन शेपट्या गेल्यात, त्या ब्लूगिल माशांच्या पोरांनी कुरतडल्यात. खऱ्या बासच्या तोंडून फाटलेलं असं त्यात फार तर एखादं असेल. तेव्हा दुकानात जाऊन 'सगळ्यांत चिवट द्या' म्हणायच्या आधी थोडं ऐक.

हा प्रश्न तू ॲक्रनमध्ये बसून विचारतो आहेस याची मला गंमत वाटते, कारण या गांडुळाचं माहेर तेच. १९२६ साली तुमच्याच गावात, बी. एफ. गुडरिच कंपनीत, वॉल्डो सेमन नावाचा रसायनतज्ज्ञ रबर धातूला घट्ट चिकटेल असं काहीतरी शोधत होता. पीव्हीसी तेव्हा कडक, ठिसूळ, कुणालाच नको असलेला पदार्थ होता. सेमनने तो जड द्रावकात टाकून तापवला. थंड झाल्यावर जे हाती आलं ते धातूला काही चिकटेना, पण दाबलं की वाकत होतं आणि सोडलं की उसळत होतं. मऊ पीव्हीसी जन्मलं ते असं. पुढे १९४९ मध्ये, ॲक्रनमध्येच, निक क्रीम नावाच्या मशिनिस्टने आणि त्याची बायको कॉस्मा हिने घरच्या घरी व्हिनाइल, तेलं आणि रंग यांचं मिश्रण शिजवलं आणि खऱ्या गांडुळावरून घेतलेल्या साच्यात ओतलं. रबराची गांडुळं त्याआधीही होती, पण ती कडक. हे पाण्यात हललं. मासिकांत जाहिरात देऊन, टपालाने, डॉलरला पाच या भावाने नवरा-बायको ती विकायला लागले.

मागणी सगळ्यांत जास्त दक्षिणेतून आली. इकडे टेक्ससमध्ये एकामागून एक धरणं होत होती, आणि क्रीम यांनी पुढे आपला कारखानाच टायलरला हलवला. टायलर आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर. म्हणजे गांडूळ तुझ्या गावाहून माझ्याकडे आलं आणि आता मी तुला ते टपालाने परत पाठवणार आहे.

हा इतिहास सांगायचं कारण आहे. तू पॉलिमर शिकतोस, तेव्हा पीव्हीसीच्या कणांनी प्लास्टिसायझर प्यायला, साधारण १७५ अंश सेल्सिअसला सगळं एकजीव झालं की हे गांडूळ बनतं, हे मी तुला सांगणं म्हणजे आगाऊपणा. पण तळ्यावर गेलं की तू शिकलेलं विसरतोस. सेमनचा सगळा शोध मऊपणाचाच आहे. प्लास्टिसायझर वाढवला की गांडूळ लुसलुशीत होतं आणि फाटायला सोपं होतं. तो काढून घेत गेलास तर चिवटपणा वाढेल, शेवटी हातात उरेल नळाचा पाइप, आणि पाइपला बास लागत नाही.

बास दातांनी तोडून खाणारा मासा नव्हे. तो तोंड झटक्यात मोठं उघडतो आणि समोरचं भक्ष्य पाण्यासकट आत ओढून घेतो. आत गेलेलं कडक लागलं तर तितक्याच झटक्यात बाहेर फुंकतो. बऱ्याचदा वर आपल्याला पत्ताही लागत नाही. मऊ असेल तर क्षणभर जास्त धरतो, आणि त्या क्षणभरात तुला हिसका द्यायचा असतो. दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही: आपण गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवतो, म्हणजे हिसका दिल्यावर ते आधी गांडुळातून बाहेर यायला हवं आणि मग माशाच्या जबड्यात शिरायला हवं. फार चिवट गांडूळ ते टोक आतच अडवतं. मासा निसटतो, गांडूळ मात्र अगदी धडधाकट परत येतं.

मग काही गांडुळांत मीठ का घालतात? सेन्कोचं उदाहरण घे. गॅरी यामामोटो यांनी १९९०च्या दशकात आणलेलं हे गांडूळ दिसायला अगदीच बावळट आहे, ना शेपटी, ना पाय. आकार म्हणे साध्या बॉलपेनवरून सुचला. पण त्यात मीठ ठासून भरलेलं असतं, त्यामुळे शिसं न लावताही ते बुडतं आणि आडवं, दोन्ही टोकं थरथरवत खाली जातं. ती थरथर बासला राहवू देत नाही. माशाला मिठाची चव आवडते असंही लोक म्हणतात, म्हणोत बापडे. माझ्या मते मिठाचं खरं काम वजनाचं. आणि तेच मीठ गांडुळाला कमकुवत करतं, कारण त्याचा कण प्लॅस्टिकशी एकजीव होत नाही. प्रत्येक कणापाशी चीर सुरू व्हायला जागा तयार असते. तेव्हा सेन्को लवकर फाटतं ही तक्रार बरोबर असली तरी तिच्यावर इलाज नाही. त्याचं पडणं आणि त्याचं फाटणं एकाच मिठातून आलेलं आहे.

आता तुझ्या पाण्याकडे वळते. पोर्टेज लेक्स, निमिसिला, तुम्हा लोकांची ती गवताळ तळी. तिकडचे बास आमच्यापेक्षा लहान. आमच्या टेक्ससमध्ये फ्लोरिडाच्या वाणाची पिल्लं सोडतात, आणि लेक फोर्कसारख्या जलाशयात लोक तेरा पौंडांच्या वरच्या माशाची स्वप्नं बघत बसतात. त्यासाठी दहा इंची, जाड, नागमोडी शेपटीची गांडुळं लागतात. तुला त्यांचा उपयोग नाही. तू सहा इंचांच्या वर जाऊ नकोस. ओहायोच्या पाण्यात अजून एक भानगड आहे: थंडी पडू लागली की पीव्हीसी ताठरतं. मे महिन्यात जे गांडूळ हाताला लोण्यासारखं लागतं, तेच ऑक्टोबरात काडीसारखं होतं. तेव्हा थंड पाण्यासाठी मुद्दाम मऊ जातीचं, बारीक अंगाचं घ्यायचं. टिकाऊपणाचा विचार तेव्हा बाजूला ठेवायचा, नाहीतरी थंडीत ब्लूगिल फार सतावत नाहीत.

ओवण्याबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुझे पैसे तिथे वाचणार आहेत.

टेक्सस रिग ही ओवायची पद्धत या भागात रुजली त्याला कारण आमची तळी. धरणाच्या पाण्यात अख्खी जंगलं तशीच बुडालेली. लेक फोर्कचा बांध १९८० साली पुरा झाला, आणि आजही तिथे पाण्यातून वाळकी खोडं वर आलेली दिसतात. बास त्या खोडांच्या बुंध्याशी दबा धरून असतो आणि उघडा गळ टाकलास तर तो पहिल्याच फांदीला अडकतो. म्हणून गळाचं टोक गांडुळात लपवायचं. तुझ्याकडे खोडांऐवजी गवत आहे, हिशेब तोच.

आधी लाइनमध्ये गोळीच्या आकाराचं वजन ओव, निमुळती बाजू रॉडकडे. पाच ग्रॅमच्या आसपासचं घे, यापेक्षा जड घ्यायचा मोह टाळ. शिशाऐवजी टंगस्टन परवडलं तर उत्तम. ते शिशाहून खूप घन आहे, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लहान होते, गवतातून सहज सरकते आणि तळाचा दगड कुठे, चिखल कुठे हे हाताला सांगते. मेन आणि न्यू हॅम्पशरसारख्या राज्यांत लून पक्षी शिशाने मरतात म्हणून लहान शिशांवर बंदीच आहे. तिकडे फिरायला गेलास तर डबा तपासून घे.

मग गळ बांध. नेढ्याजवळ पायरीसारखा बाक असतो तो, ऑफसेट म्हणतात त्याला. सहा इंची बारीक गांडुळाला ३/०, पाच इंची जाडजूड सेन्कोसारख्याला ४/०. नंबरापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गळाच्या दांड्यापासून टोकापर्यंतची मोकळी जागा. हिसका बसला की गांडूळ चेपून तिथे गोळा होतं. जागा पुरेशी नसेल तर टोक झाकलेलंच राहतं.

आता टोक गांडुळाच्या नाकात, बरोबर मधोमध घाल. पाव इंच आत, की लगेच खालच्या बाजूने बाहेर. बहुतेक गांडुळांची एक बाजू थोडी चपटी असते, साच्याची खूण म्हणून. ती धरून चाललास की रेष चुकत नाही. गांडूळ दांड्यावरून वर सरकव, नेढ्यापर्यंत, पायरीच्या बाकात बसेपर्यंत. गळ अर्धा फिरव, म्हणजे टोक गांडुळाकडे येईल. आणि इथे थांब. सगळे इथेच घाई करतात. गांडूळ गळाच्या शेजारी मोकळं लोंबू दे, गळाचा खालचा बाक अंगाला कुठे टेकतो ते बघ आणि तिथे नखाने खूण कर. मग किंचित गोळा करून बरोबर त्या खुणेतून टोक आरपार काढ. सोडल्यावर गांडूळ सरळ रेषेत लोंबलं पाहिजे. टोक खुणेच्या अलीकडे गेलं तर अंग ताणलं जातं, पलीकडे गेलं तर कुबड येतं. दोन्ही प्रकारांत पाण्यात ते गिरक्या घेतं, लाइनला पीळ पडतो आणि प्रत्येक फेकीला सगळा ताण डोक्यावर येतो. तुझ्या फोटोतल्या चिरा इथून आल्यात.

आरपार आलेलं टोक तसं उघडं ठेवायचं नाही. पाठीवरच्या कातडीत पुन्हा अलगद टेकवायचं. तुझ्या आईला साडीला फॉल लावताना पाहिलं असशील: सुई साडीचा एखादाच धागा उचलते, वरून टाका दिसत नाही. तेवढंच. गवत लागलं तर टोक झाकलेलं, माशाने दाबलं तर क्षणात मोकळं. टोक पार अंगाच्या पोटात खुपसून ठेवणारे लोक मग 'हुकसेट बसत नाही' म्हणून नवा रॉड घेतात.

डोक्याचं काय करायचं? एक, गळ नाकात एकदाच घालायचा. जागा चुकली म्हणून काढून परत, पुन्हा काढून परत, असं केलंस की तिथे पोकळी होते आणि ते गांडूळ पाण्यात जायच्या आधीच संपतं. दोन, जुन्या लोकांची युक्ती: नाकाच्या आत बसलेल्या नेढ्यातून आडवा टूथपिक घालायचा आणि दोन्ही बाजूंनी अंगालगत कापायचा. टूथपिक पाण्यात फुगतो आणि गांडूळ खाली घसरत नाही. टूथपिकऐवजी जाड नायलॉनच्या लाइनीचा छोटा तुकडा वापरला तर अधिक चांगलं, तो मोडत नाही. तीन, हल्ली नेढ्याला बारीक स्प्रिंग लावलेले गळ मिळतात. गांडुळाचं नाक त्या स्प्रिंगवर स्क्रूसारखं फिरवून बसवायचं. माझं यांच्याबद्दल मत चांगलं आहे, विशेषतः मऊ गांडुळांसाठी. मिठाळ गांडूळही त्यावर बराच काळ तग धरतं. चार, सुपरग्लूचा एक थेंब, जेलचा, पाण्यासारख्या पातळाचा नव्हे.

आणि डोकं फाटलंच तर अर्धा इंच कापून टाक आणि तेच गांडूळ पुन्हा ओव. सहाचं साडेपाच इंच झालं म्हणून कुठल्या बासने पट्टी लावून पाहिलेली नाही.

मासा लागल्यावरही गांडूळ वाचवता येतं. बासच्या तोंडात दात म्हणजे जबड्यावरची खरखरीत वाळूकागदी पट्टी. मासा उडी मारून डोकं झाडतो तेव्हा गांडूळ त्या पट्टीवर घासतं. रिग नीट असेल तर हिसक्यासरशी ते गळावरून सुटून लाइनवर वर सरकतं आणि तोंडाबाहेर राहतं. मासा हातात आल्यावर आधी गळ काढ. गांडूळ धरून ओढू नकोस, मी लोकांना तसं करताना पाहते आणि मला त्यांच्या खिशाची दया येते.

ब्लूगिलांची टकटक ओळखायला शीक. छोटे, भराभर धक्के, टक-टक-टक, म्हणजे ती पोरं शेपटीला लागलीत. हिसका देऊ नकोस, नुसती जागा बदल. बास घेतो तेव्हा एकच ठोका लागतो, किंवा तोही नाही, नुसती लाइन आडवी चालायला लागते.

वॅकी रिगचं प्रकरण वेगळं. तिथे सेन्कोसारख्या गांडुळाच्या बरोबर मध्यावर गळ अडकवायचा आणि दोन्ही टोकं मोकळी झुलू द्यायची. मासा घेतोही छान आणि गांडूळ फाटतंही छान, कारण सगळा भार एका भोकावर. त्यावर उपाय इतका स्वस्त आहे की आपल्याला तो का सुचला नाही असं वाटतं: गांडुळाच्या मध्यावर एक रबरी ओ-रिंग चढवायची आणि गळ गांडुळात न खुपसता ओ-रिंगखालून घालायचा. रिंग चढवायला नळीसारखं एक साधन मिळतं. आडव्या-उभ्या दोन रिंगा फुलीसारख्या बसवल्या तर गळ गांडुळाच्या रेषेत राहतो आणि मासा जास्त नीट लागतो. एका गांडुळावर तीन-चार मासे सहज निघतात. आमच्या गॅरेजातल्या प्लंबिंगच्या डब्यातून तुझे काका योग्य मापाच्या रिंगा शोधत बसले होते. चार पैशांसाठी दोन तास, पण आनंद त्यांचा.

आता ज्याच्यासाठी तू पत्र इथपर्यंत वाचलंस ते. हो, खरोखर चिवट गांडुळं मिळतात. ती पीव्हीसीची नसतात, थर्मोप्लॅस्टिक इलॅस्टोमरची असतात. साउथ कॅरोलायनातल्या झी-मॅन कंपनीचं इलाझटेक हे त्यातलं नावाजलेलं. हातात घेऊन ताण, ताणतच जातं. एकावर एक मासे काढ, तसंच राहतं. आणि ते तरंगतं. हा गुण मला चिवटपणापेक्षा मोलाचा वाटतो.

त्याची खरी जागा नेड रिगमध्ये आहे. कॅन्ससमधल्या लॉरेन्सचे नेड केडी, पेशाने विद्यापीठातले अभिलेखपाल, वर्षानुवर्षं लहानशा आमिषांनी मासे पकडत आले आणि लिहीत आले. त्यांचं नाव या रिगला चिकटलं. पाच इंची गांडूळ मधोमध कापायचं, अडीच इंचांचा तुकडा मशरूमसारख्या चपट्या डोक्याच्या हलक्या जिगवर, म्हणजे वजन जडवलेल्या गळावर, बसवायचा, दोन-तीन ग्रॅमच्या, आणि तळाशी जवळजवळ काहीच न करता ओढत आणायचा. जिग तळाशी बसतं आणि तरंगणारं गांडूळ त्यावर शेपटी वर करून उभं राहतं. दिसायला हास्यास्पद, पण चिखलात तोंड खुपसलेल्या एखाद्या किड्यासारखं ते दिसत असावं. तुझ्या ओहायोच्या लहान, चोखंदळ बासांना हे फार आवडेल. केडींच्या मंडळींचं एक निरीक्षण तुला प्रयोगशाळेत उपयोगी पडेल: मीठ घातलेलं इलाझटेक जितकं जुनं होतं तितकं चांगलं चालतं, कारण वापरून वापरून मीठ धुतलं जातं आणि ते अधिक तरंगू लागतं. झिजलेलं आमिष नव्यापेक्षा सरस, असं दुसरीकडे कुठे ऐकलंयस?

मग सगळीकडे हेच का वापरू नये? सेन्कोचं काम त्याला जमत नाही, ते तरंगतं, थरथरत खाली कसं जाणार. टेक्सस रिगमध्ये ते दांड्यावरून सरकायला नको म्हणतं, इतकं घट्ट पकडतं. गळ पाण्यात बुडवून घ्यावा लागतो. त्याला प्लॅस्टिक जोडायची नेहमीची डिंकं चालत नाहीत. आणि सगळ्यांत मोठी भानगड साठवणीची. ते पीव्हीसीच्या गांडुळांबरोबर एका डब्यात ठेवलंस की काही दिवसांत दोन्हींचा चिकट रबडा होतो. प्लास्टिसायझर एकातून दुसऱ्यात कसा उतरतो ते तू मला समजावून सांग, मला फक्त रबडा माहीत आहे. म्हणून त्याचं पाकीट कधी फेकायचं नाही, त्याच पाकिटात परत ठेवायचं. पीव्हीसीलाही थोडी हीच खोड आहे. काळं गांडूळ पिवळ्याशेजारी ठेवलं की रंग उतरतो, आणि स्वस्तातले कडक डबेही आतून विरघळल्यासारखे होतात.

रंगांवर लोक रात्र-रात्र वाद घालतात. मी दोन ओळींत संपवते. पाणी स्वच्छ असेल तर ग्रीन पम्पकिन, गढूळ असेल तर काळं-निळं. बाकीचे रंग मासेमाराला पकडण्यासाठी असतात. वासाचंही तसंच, तरी त्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अलाबामातल्या युफाउलाचे टॉम मॅन फळांच्या वासाची जेली वर्म बनवत. १९७३ मध्ये त्यांनी स्ट्रॉबेरीच्या जेली वर्मवर एक बास पकडला, आणि तो इतका तडफदार निघाला की त्याला टाकीत पाळला आणि नाव ठेवलं लिरॉय ब्राऊन. १९८० साली तो मेला तेव्हा त्याची रीतसर अंत्ययात्रा निघाली, शेकडो लोक आले. आज युफाउला गावात त्याचं स्मारक उभं आहे. मी हे तुझ्या आजीला मालवणला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'तिरफळां घालून आमटी केली असती तर स्मारकाची गरज नव्हती.'

आजीला पकडलेला मासा सोडून देणं अजून पटलेलं नाही. रे स्कॉट यांनी बी.ए.एस.एस. या संघटनेच्या स्पर्धांतून १९७२पासून मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला, तो आता इथे अंगवळणी पडलाय. पण जेटीवर गरी टाकून बांगडे, बुरयाटे घरी आणलेल्या घराण्यात ते समजावणं अवघड आहे. तू प्रयत्न करू नकोस.

फाटकी गांडुळं तळ्यात टाकू नकोस हे मात्र मी बजावून सांगते. सगळे टाकतात. ती कुजत नाहीत, तळाशी पडून राहतात, आणि मासे ती गिळतात. बास गिळतो, ट्राउट गिळतो, मग ती पोटात राहतात. प्लास्टिसायझर निघून जातो तशी ती कडकही होत जातात. मेन राज्यात २०१३ साली असल्या रबरी आमिषांवर बंदी घालण्याचं विधेयकच विधिमंडळात आलं होतं. बंदी आली नाही, पण विषय निघाला तो आपल्यासारख्यांच्या सवयीमुळे. एक झिपची पिशवी खिशात ठेव, तुकडे त्यात टाक. काही क्लब असे तुकडे गोळा करून पुन्हा वितळवतात आणि नवी ओततात. तुला घरी करून बघायचा मोह होईल. स्वयंपाकघरात करू नकोस: पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि तुझा रूममेट बिचारा साधा मुलगा आहे. प्रयोगशाळेच्या फ्यूम हुडखाली करायचं असेल तर आधी गाइडला विचार, आणि तो काय म्हणाला ते मला कळव.

किरकोळ दुरुस्ती मात्र घरी होते. पीव्हीसीच्या गांडुळाची चीर लायटरच्या ज्योतीवर क्षणभर धरून दोन्ही काठ वितळले की दाबून धर, जोड पक्का बसतो. पाकिटात दबून वाकडी झालेली शेपटी उकळत्या पाण्यात थोडी बुडवून सपाट ठेवली की सरळ होते.

पार्सल उद्या टाकते. त्यात सहा इंची सरळ शेपटीची दोन पाकिटं आहेत, ग्रीन पम्पकिन आणि काळं-निळं, ही टेक्सस रिगला. सेन्कोचं एक पाकीट आणि काकांच्या ओ-रिंगा एका जुन्या औषधाच्या डबीत. स्प्रिंगवाले गळ ३/० आणि ४/०. टंगस्टनच्या गोळ्या मोजक्याच, महाग आहेत, गवतात गमावू नकोस. इलाझटेकचं पाकीट मी वेगळ्या पिशवीत बांधलंय. पार्सल उघडल्या उघडल्या ते बाकीच्यांत मिसळू नकोस, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात तर मुळीच ठेवू नकोस. ओहायोचं लायसन्स नव्या वर्षाचं काढलंस का? काढलं नसशील तर गळ ओवायचा सराव आधी घरीच कर.

ताईला फोन कर. ती म्हणते तू फक्त मलाच करतोस.

तुझी,
मावशी